रिझल्ट कमी, मग देणगी कशाला?



यंदाच्या निधीसाठी गरीब वस्तीतल्या एका चार्टर प्राथमिक शाळेचं नाव पुढे आलं, तेव्हा आमच्या समितीत लगेच प्रश्न निघाला, "अहो, पण त्यांचे रिझल्ट कुठे चांगले आहेत?" आम्ही बहुतेक सगळे इंजिनिअर, तेव्हा आधी थोडा अभ्यास करायचं ठरवलं.

चार्टर शाळा म्हणजे खाजगी शाळा नव्हे. ती सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण कारभारात तिला जास्त मोकळीक असते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश देतात. यासाठीचा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटात झाला. मात्र बऱ्याच राज्यांत अशा शाळांना इमारतीसाठी आणि स्थानिक करातून नेहमीच्या शाळांएवढा पैसा मिळत नाही. मग भाडं शिकवण्याच्या पैशातूनच जातं आणि कात्री लागते ती लायब्ररीला, जादा शिकवणीला.

'चार्टर' ही पाटी म्हणजे यशाची हमी नाही. स्टॅनफर्डच्या २००९ च्या अहवालात १७ टक्के चार्टर शाळा गणितात सरस, तर ३७ टक्के मागे होत्या. २०२३ च्या अहवालात सरासरी चित्र बरंच सुधारलेलं दिसलं. म्हणजे प्रत्येक शाळा वेगळी तपासायला हवी.

पण तपासायची कशी? समजा, तिसरीत आलेली मुलगी पहिलीच्या पातळीचं वाचते. वर्षभरात ती दीड वर्षाची मजल मारते. तरीही परीक्षेत ती 'पातळीखाली'च! पास होणाऱ्यांचा टक्का तिची मेहनत दाखवत नाही, तिच्या बाईंचीही नाही. त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा, असे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात.

खरं सांगायचं तर घर घेताना आपण सगळ्यांनीच आधी शाळेचं रेटिंग पाहिलं. चांगली शाळा, म्हणून महाग घरं. महाग घरं, म्हणून शाळेला जास्त कर. या चक्राचा फायदा आपल्या मुलांना मिळाला. ज्यांना तो मिळत नाही, त्यांच्या शाळेला त्याच रेटिंगवरून नाकारणं आम्हाला पटलं नाही.

म्हणून आमची शिफारस अशी: देणगी द्यावी, पण ती वर्गातली पुस्तकं आणि शाळा सुटल्यावरची वाचनाची शिकवणी यांसाठीच. आणि वर्षाअखेर शाळेकडून प्रगतीचे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. ते जसे असतील तसे आपल्यापुढे ठेवू.