घाटातील ती दहा मिनिटे

सन १९८६ च्या उन्हाळ्यातील ही गोष्ट आहे. मी त्या वेळी नुकताच शिक्षक झालो होतो आणि सुटीनिमित्त साताऱ्याहून एस. टी.ने पुण्यास निघालो होतो. गाडी खंबाटकीचा घाट चढत असता एका वळणावर चालकाने करकचून ब्रेक दाबला. समोर एक मोटार दगडी कठड्यावर आदळून कलंडली होती. काचेचा चुरा रस्ताभर विखुरला होता. मोटार चालविणारा गृहस्थ डोके धरून कडेला बसला होता आणि त्याचा सोबती रस्त्यावर पडून कण्हत होता. त्याच्या मांडीतून रक्त वाहत होते.

आम्ही सारे प्रवासी धावत खाली उतरलो. कोणी म्हणाले, "पाणी पाजा." कोणी म्हणाले, "कांदा हुंगवा." दोघे तर त्याला काखेत धरून उठवू लागले. चूक कोणाची, याचा निवाडा करण्यास मात्र पाच-सात जण तत्काळ पुढे सरसावले!

आमच्या गाडीचा वाहक पन्नाशीकडे झुकलेला, किरकोळ बांध्याचा माणूस होता. तो आधी जखमी माणसाकडे गेलाच नाही. त्याने दोन तरुणांना हाक मारली. "तुम्ही वरच्या वळणावर जा आणि तुम्ही खालच्या. पंचा फडकवीत राहा; पण कडेला उभे राहा, रस्त्यात नको." मला त्याचा राग आला. माणूस रक्तबंबाळ होऊन पडला आहे आणि याला रस्त्याची चिंता! परंतु मिनिटभरातच मालाने भरलेला एक ट्रक तो पंचा पाहून वेग आवरीत सावकाश वळणाशी येऊन थांबला. तो वेगाने आला असता, तर आम्हां सर्वांचीच गत काय झाली असती, ते तेव्हा माझ्या ध्यानात आले.

मग वाहकाने मोटारीची किल्ली फिरवून इंजिन बंद केले. पेट्रोलचा वास येत होता, म्हणून एका गृहस्थांना त्याने बिडी विझवावयास लावली. जखमीला उठविणाऱ्यांना तो म्हणाला, "त्यांना तसेच निजू द्या. मानेला किंवा पाठीच्या कण्याला इजा झाली असेल, तर हलविल्याने जन्माचे अपंगत्व येईल." आग लागली असती किंवा वाहन अंगावर येण्याचा धोका असता, तर गोष्ट वेगळी होती. पाणीही त्याने पाजू दिले नाही. शुद्ध हरपू लागलेल्या माणसाच्या घशात पाणी अडकून जीव गुदमरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

"बाबा, तुमचे उपरणे स्वच्छ आहे का?" त्याने एका वृद्ध शेतकऱ्यास विचारले.

"आजच धुतलंय, घे की," असे म्हणून बाबांनी ते लगेच काढून दिले.

त्याची जाड घडी करून वाहकाने ती जखमेवर ठेवली आणि मला दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरण्यास सांगितले. घडी भिजली, तेव्हा मी ती उचलू लागलो. तो ओरडला, "अहो, काढू नका! वर दुसरी ठेवा." रक्त गोठून जखमेच्या तोंडाशी जे बूच तयार होऊ लागते, ते कापड उचलताच निघून येते.

त्या काळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका नव्हती. दोन मोटारी रक्त पाहून न थांबताच निघून गेल्या. शेवटी एक टेंपो थांबला. चालक म्हणाला, "नेतो, पण माझे नाव कुठे घालू नका." मी बरोबर गेलो. रुग्णालयाच्या दारात आम्हांस सांगण्यात आले, "पोलीस आल्याखेरीज हात लावता येणार नाही." तेथे अर्धा तास गेला. तो गृहस्थ वाचला. पण त्याचा पाय कापावा लागला. तो अर्धा तास वाया गेला नसता तर पाय वाचला असता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

असेच एक प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मोटारीने ठोकरलेल्या एका स्कूटरस्वारास जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही; वीस किलोमीटर दूरच्या रुग्णालयात नेताना वाटेतच त्याचा प्राण गेला. ती बातमी वाचून परमानंद कटारा यांनी न्यायालयाकडे दाद मागितली. सन १९८९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, त्याने आधी प्राण वाचवावा. पोलिसांचे सोपस्कार मागाहून होतील. त्या टेंपोचालकाच्या मनातील भीती जाण्यास मात्र आणखी बराच काळ लागला. सन २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन, सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण मिळाले. त्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. ज्याच्या वाहनामुळे अपघात घडला, त्या चालकाने मात्र पळून जाता कामा नये. जखमीच्या उपचाराची तजवीज करणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना खबर देणे, हे त्याचे कायद्याने ठरविलेले कर्तव्य आहे.

तुम्ही लहान आहात; जखमीला उचलणे तुमचे काम नव्हे. परंतु १०८ किंवा ११२ या क्रमांकावर दूरध्वनी करणे तुम्हांला सहज जमेल. त्या वेळी "घाटात अपघात झाला" एवढेच सांगून भागत नाही. कोणता रस्ता, कोणत्या गावाकडे जाणारी बाजू, जवळच्या किलोमीटरच्या दगडावरील आकडा कोणता, किती माणसे जखमी आहेत, ती बोलतात का, हे सांगावे. पलीकडची व्यक्ती सांगेपर्यंत दूरध्वनी ठेवू नये.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. वाहने थांबावीत म्हणून कोणीतरी रस्त्यावर मोठे दगड मांडले होते. अपघातानंतर असे दगड बहुधा तसेच पडून राहतात आणि रात्री एखाद्या सायकलस्वाराचा घात करतात. आमचा टेंपो निघाला तेव्हा मी मागे वळून पाहिले. प्रवासी गाडीत चढत होते आणि वाहक वाकून ते दगड एकेक करून उचलून कठड्यापाशी ठेवीत होता.