सॉलिसिटरच्या कचेरीतील उमेदवारी : यवतमाळच्या विधी विद्यार्थ्यांना संधी

यवतमाळ जिल्ह्याला वकिलीची थोर परंपरा लाभली आहे. वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांनी १९०८ मध्ये यवतमाळ येथे वकिलीस प्रारंभ केला. गहुलीचे वसंतराव नाईक यांनी नागपूरला कायद्याचे शिक्षण घेतले, अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या सहवासात वकिलीचे पहिले धडे गिरविले आणि पुढे पुसदला व्यवसाय केला. ज्येष्ठाच्या हाताखाली उमेदवारी केल्याखेरीज हा व्यवसाय अंगवळणी पडत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

वकिली म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर न्यायालय उभे राहते. परंतु कायद्याच्या व्यवसायाची दुसरीही एक शाखा आहे. कंपन्यांचे करार, कर्जाचे दस्तऐवज, जमिनीच्या मालकी हक्काची तपासणी, भागीदारी आणि लवाद अशी कामे करणाऱ्या मोठ्या विधी संस्था मुंबईत आहेत. तेथे उमेदवारी कशी मिळते, याची माहिती जिल्ह्यातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावी, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

सॉलिसिटर म्हणजे कोण?

मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पूर्वी कामाची दुहेरी पद्धत होती. पक्षकाराची भेट घेणे, कागदपत्रे तयार करणे व दावा चालविण्याची सिद्धता करणे हे सॉलिसिटरचे काम, तर न्यायालयात युक्तिवाद करणे हे ॲडव्होकेटचे काम. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये १९७६ साली झालेल्या दुरुस्तीमुळे १ जानेवारी १९७७ पासून हा कायदेशीर भेद संपुष्टात आला. तथापि, सॉलिसिटर ही पात्रता मुंबईत टिकून राहिली. तीन वर्षे सॉलिसिटरच्या हाताखाली आर्टिकल्ड क्लार्क म्हणून उमेदवारी करावयाची आणि बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण व्हावयाचे, असा तिचा मार्ग आहे. ही परीक्षा अवघड समजली जाते.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. व्यापारी विधी संस्थेत काम करण्यासाठी सॉलिसिटरची परीक्षा अनिवार्य नाही. कायद्याची पदवी, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडील नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा या वकिलीच्या सर्वसाधारण अटी आहेत. मात्र ज्यास सॉलिसिटर व्हावयाचे आहे, त्याने उमेदवारीसाठी अर्ज करतानाच आर्टिकल्सची नोंदणी होईल किंवा कसे, याची स्पष्ट विचारणा करावी.

पहिली पायरी : विद्यार्थिदशेतील प्रशिक्षण

कायमची उमेदवारी बहुधा थेट मिळत नाही. विद्यार्थी असताना काही आठवडे त्या कचेरीत किंवा तत्सम ठिकाणी केलेले काम पाहूनच पुढील निवड होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे असे प्रशिक्षण घ्यावे लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ ते घेता येत नाही. वकील, न्यायपालिका, विधी संस्था व कंपन्या यांच्याबरोबरच स्थानिक स्वराज्य संस्थांचाही या नियमांत उल्लेख आहे, ही बाब पंचायत सदस्यांनी अवश्य लक्षात घ्यावी.

या आठवड्यांची आखणी विचारपूर्वक व्हावयास हवी. पहिल्या वर्षी तालुका न्यायालयातील वकिलांकडे, दुसऱ्या वर्षी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा पंचायत समितीत आणि अखेरच्या टप्प्यात नागपूर अथवा मुंबईच्या विधी संस्थेत, असा क्रम उपयुक्त ठरेल. लहान कचेरीतील अनुभव कमी प्रतीचा, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये २०२१ पासून लागू झालेल्या पद्धतीत सॉलिसिटर होण्यासाठी दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि तो चार वेगवेगळ्या ठिकाणी, विधी साहाय्य केंद्रातही, मिळविता येतो.

यवतमाळच्या विद्यार्थ्याचे बलस्थान

मोठ्या शहरातील विद्यार्थ्यांची इंग्रजी सफाईदार असते, म्हणून आपला निभाव लागणार नाही, अशी ग्रामीण विद्यार्थ्यांची समजूत असते. इंग्रजी मसुदालेखन आत्मसात केलेच पाहिजे. त्याला पर्याय नाही. परंतु चित्राची दुसरी बाजूही पाहावयास हवी.

एखादी कंपनी कारखान्यासाठी किंवा सौरऊर्जा प्रकल्पासाठी जमीन घेते, तेव्हा मालकी हक्काचा अहवाल विधी संस्थेकडून मागविते. त्यासाठी सातबारा, आठ-अ आणि कित्येक वर्षांचे फेरफार वाचावे लागतात. हे अभिलेख मराठीत असतात. ‘भोगवटादार वर्ग-२’ या शब्दांमागील निर्बंध ज्यास कळत नाही, त्याचा अहवाल सुबक इंग्रजीत लिहिलेला असूनही पक्षकारास अडचणीत आणू शकतो.

आपल्या जिल्ह्यात तर ही जाण विशेष मोलाची आहे. विदर्भाला कुळवहिवाटीचा १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. पश्चिम महाराष्ट्राचा कायदा येथे जसाच्या तसा लावून चालत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ अन्वये आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम मंजुरीवाचून बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करता येत नाही. कोलाम व गोंड बांधवांची वस्ती असलेल्या तालुक्यांतील विद्यार्थ्यास या तरतुदीचे महत्त्व पुस्तकाबाहेरही ठाऊक असते. वणी परिसरातील कोळसा, मुकुटबनचा सिमेंट उद्योग, कापसाचे जिनिंग-प्रेसिंग हे व्यवहारही त्याच्या परिचयाचे असतात. येथे केवळ नोकरीचा प्रश्न नाही. व्यवहाराचे कागद तयार करणाऱ्या कचेरीत गावची जमीन जाणणारा माणूस असला, तर चूक वेळीच ध्यानात येते आणि दुबळ्या खातेदाराचा हक्कही सुरक्षित राहतो.

अर्ज कसा लिहावा?

अर्जाचे पत्र एका पानाचे असावे. सोबत शिक्षण व अनुभवाचा गोषवारा, गुणपत्रिका आणि मागितल्यास स्वतःच्या लेखनाचा नमुना जोडावा. एकच मजकूर सर्व संस्थांकडे पाठविणे टाळावे. ती संस्था कोणत्या क्षेत्रात काम करते, हे आधी पाहून त्या अनुषंगाने लिहावे.

‘आपल्या नामांकित संस्थेत शिकण्याची माझी तीव्र इच्छा आहे,’ या वाक्यातून अर्जदाराविषयी काहीच कळत नाही. उलट, ‘चार आठवड्यांत मी अकरा सातबारा उतारे व त्यांचे फेरफार तपासून मालकी हक्काचा तक्ता तयार केला, त्यांत दोन ठिकाणी वारसनोंद राहून गेल्याचे आढळले,’ हे वाक्य वाचणारा थबकतो. जे प्रत्यक्ष केले तेच लिहावे. मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतात. लेखनाच्या नमुन्यात पक्षकारांची नावे व ओळख उघड होऊ देऊ नये. गोपनीयता पाळता येते की नाही, याची ती पहिलीच कसोटी असते.

मुलाखतीपूर्वी भारतीय करार अधिनियम, १८७२, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, नोंदणी अधिनियम, १९०८ आणि कंपनी अधिनियम, २०१३ यांची उजळणी करावी. विद्यावेतन किती, कामाचे स्वरूप काय, हे स्वीकृतीपूर्वी विचारून घ्यावे. मुंबईतील निवासाचा खर्च मोठा असतो. त्याचा हिशेब घरच्यांसमवेत आधीच करणे श्रेयस्कर. उमेदवारी मिळवून देतो, असे सांगून कोणी पैसे मागितल्यास त्यास बळी पडू नये.

आपण काय करू शकतो?

विधी महाविद्यालयांतील अध्यापकांनी प्रशिक्षणाच्या नोंदवह्या केवळ स्वाक्षरीपुरत्या न पाहता प्रत्येक विद्यार्थ्याकडून दरवर्षी एक मसुदा लिहून घ्यावा व तो तपासून परत द्यावा. महसूल अधिकाऱ्यांनी फेरफार वाचनाचे एक-दोन वर्ग घेतल्यास विद्यार्थ्यांस मोठे साहाय्य होईल. पंचायत समित्यांनी विधी विद्यार्थ्यांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देण्याची तयारी दर्शवावी. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’ आणि अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयं’ या योजनांची माहिती शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळीच द्यावी. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांस शिक्षणकाळात त्यांचा आधार होतो.

अर्ज एका दिवसात लिहून होतो. मात्र त्यात लिहिण्याजोगे काम उभे करण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. त्या कामाची सुरुवात पहिल्या वर्षाच्या पहिल्या सुटीतच व्हावी.