फिरंगी गलबते आणि फिरंगरोग : एक अभ्यास

भावप्रकाश अभ्यासताना प्रत्येक विद्यार्थी फिरंगरोगाच्या प्रकरणापाशी क्षणभर थबकतो. चरक, सुश्रुत व वाग्भट या तिघांनाही हे नाव अपरिचित आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्रांच्या ग्रंथात ते एकाएकी कोठून आले, याचे उत्तर ग्रंथालयात नव्हे, तर पश्चिम समुद्रावर सापडते.

जलमार्ग आणि ऋतू

८ जुलै १४९७ रोजी लिस्बनहून निघालेला वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतनजीक पोहोचला. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरापासून मलबारपर्यंतचा समुद्र त्याने नैर्ऋत्य वाऱ्याच्या साहाय्याने सुमारे तेवीस दिवसांत ओलांडला. परतताना मात्र वाऱ्याचा काळ न साधल्याने कारवारजवळील अंजदीव बेटापासून तोच समुद्र ओलांडण्यास जवळजवळ तीन महिने लागले. या काळात खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले आणि सुमारे तीस जण दगावले. ताज्या फळभाज्यांच्या अभावी होणारा हा व्याधी आज स्कर्व्ही या नावाने ज्ञात आहे. आमलकी व निंबू ज्यांच्या नित्य वापरात आहेत, त्या वैद्यांना या वृत्तान्ताचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

पुढे १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर दरवर्षी वसंतात लिस्बन सोडावयाचे व पावसाळ्याच्या अखेरीस गोव्यास यावयाचे, असा नौकांचा क्रम बसला. या नौकांनी मिरी, दालचिनी नेली. काजू, अननस, पपई व तंबाखू आणली. तसेच १४९५ च्या सुमारास नेपल्सच्या वेढ्यानंतर युरोपभर पसरलेला एक नवा संसर्गजन्य व्याधीही या नव्या दळणवळणाबरोबर आपल्या किनाऱ्यावर आला.

भावमिश्रांची दृष्टी

येथे भावमिश्रांची थोरवी दिसते. संहितोक्त उपदंशात हा व्याधी कोंबून बसविणे सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. फिरंग देशात बाहुल्याने आढळणारा म्हणून त्यास नवे नाव दिले. संसर्ग हे कारण सांगून त्यास आगंतु मानले व दोषांचा अनुबंध मागाहून होतो असे स्पष्ट केले. बाह्य, आभ्यंतर व बहिरंतर्भव असे तीन भेद केले. बाह्य प्रकार विस्फोटासारखा व अल्प वेदनेचा. आभ्यंतर प्रकार संधींत आश्रय करून आमवाताप्रमाणे पीडा देणारा. कार्श्य, बलक्षय, नासाभंग, अग्निमांद्य, अस्थिशोष व अस्थिवक्रता हे उपद्रव त्यांनी नोंदविले.

चिकित्सेत रसकर्पूर सांगितला, परंतु तो गव्हाच्या कणकेत गुंडाळून, दातांस स्पर्श न होता गिळावा, ही दक्षताही सांगितली. पाऱ्याचे मुखावरील दुष्परिणाम त्यांस ठाऊक होते, हे यावरून उघड होते. दुसरे औषध चोपचिनी, म्हणजेच द्वीपांतर वचा. तिचे चूर्ण मधासह द्यावे व मीठ वर्ज्य करावे. न राहवल्यास सैंधव घ्यावे, असा पथ्यविचार आहे. व्याधी पश्चिमेकडून आला आणि औषध पूर्वेकडून, चीनमधून आले. दोहोंचे वाहन समुद्रच होता.

याच काळात गोव्यात गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य आपल्या वनौषधींचा अभ्यास करीत होता. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडेही तो चिकित्सेसाठी जात असे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात चोपचिनीवर प्रकरण आहे आणि मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलताना आढळतो. ज्ञानाची देवघेव अशी दोन्ही बाजूंनी होत होती.

आजचा बोध

हा केवळ इतिहास नव्हे. काही वर्षांपूर्वी दिंडोरीच्या आमच्या चिकित्सालयात एक तरुण शेतमजूर तळहात व तळपायांवरील ताम्रवर्ण, कंडूरहित मंडले घेऊन आला. आम्ही कुष्ठ समजून तीन आठवडे रक्तशोधक औषधे दिली. पूर्वी गुह्यांगावर वेदनारहित व्रण होऊन आपोआप भरला होता काय, हा प्रश्न आम्ही संकोचाने विचारलाच नव्हता. तो विचारल्यावर निदान उलगडले व रक्तपरीक्षेने ते निश्चित झाले. पत्नी गर्भवती होती. तिच्या रक्तातही दोष आढळला. दोघांस शासकीय रुग्णालयात पेनिसिलिन मिळाले व बालक निरोगी जन्मले. आणखी विलंब झाला असता तर काय झाले असते, या विचाराने आजही मन अस्वस्थ होते.

म्हणून वैद्यबंधूंस आमचे नम्र निवेदन आहे. कंडूरहित मंडले, वेदनारहित व्रण अथवा कारण न सापडणारा संधिशूल दिसल्यास फिरंगाचा विचार करावा, पूर्ववृत्त निःसंकोच विचारावे, रक्तपरीक्षा करावी व जोडीदाराचीही करवावी. १९४३ पासून पेनिसिलिन या व्याधीवर सिद्ध झाले आहे. ते टाळून केवळ चोपचिनी अथवा रसकल्पांवर विसंबू नये. व्रण आपोआप भरतो, मंडले मावळतात. तो उपशम औषधाचा नसून व्याधीचा स्वभाव असतो.

असे करण्याने शास्त्राशी प्रतारणा होत नाही. नव्या व्याधीस नवे नाव व परदेशी औषध देताना भावमिश्रांनी संकोच केला नाही. त्यांचा ग्रंथ प्रमाण मानणाऱ्यांनी त्यांची ही वृत्तीही प्रमाण मानावी.