फोनचा आवाज का तुटला?

लेक शहरात बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. रात्री जावयाचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात..." एवढेच ऐकू आले. पुढे आवाज तुटला. आईच्या पोटात गोळा आला. ती फोन घेऊन अंगणात धावली. तिथे तर फोन पुरता बंदच पडला!

असे का झाले? या घरात टॉवरची रेंज येत नाही. फोन वाय-फायवर चालतो. वाय-फायची पेटी, म्हणजे राउटर, धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे ठेवली होती. पेटीतून लहरी निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. जाड भिंतीतून जाताना त्या कमजोर होतात. पत्रा तर त्यांना अडवतोच. मग अंगणात त्या पोहोचणार कशा?

धाकट्याने पेटी उंच फळीवर, मोकळ्या जागी ठेवली. ती बंद करून पुन्हा चालू केली. फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' चालू आहे ना, तेही पाहिले. थोरला सिनेमा बघत होता. धाकटा म्हणाला, "दादा, तो सिनेमा थांबव आधी. सगळं इंटरनेट तोच खातोय."

आईने पेटीजवळ उभे राहून फोन लावला. आवाज स्वच्छ आला.

"आई, मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत."

वीज गेली की पेटीही बंद पडते. म्हणून दुसऱ्या दिवशी आई फोन घेऊन गावभर फिरली. टॉवरची रेंज देवळाच्या पारावर सापडली.