परंतुकाची जागा



चिरंजीवांकडे गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद आले असून येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर जुनी लिफ्ट बदलणे आणि त्यासाठी प्रत्येक सदनिकेकडून विशेष वर्गणी घेणे असे दोन विषय आहेत. वर्गणी मंजूर झाली तरच लिफ्टचा ठराव लागू व्हावा, अशी बहुतेक सभासदांची इच्छा आहे. इच्छा रास्त आहे. मात्र ती प्रस्तावात कोठे आणि कोणत्या शब्दांत उतरवावी हे सभेपूर्वीच ठरले पाहिजे, कारण एका निर्णयाला दुसऱ्याची अट घालताना झालेली चूक सहसा सभेच्या दिवशी ध्यानात येत नाही. ती महिन्या-दोन महिन्यांनी, पैसे देण्याची वेळ आल्यावर उघड होते.

प्रथम हे ओळखावे की अट प्रस्तावाला घालता येते, मताला घालता येत नाही. ‘वर्गणी होणार असेल तर माझा हात वर धरावा’ असे सभासद म्हणू शकत नाही. मत एक तर अनुकूल असते किंवा प्रतिकूल, आणि अध्यक्षांनी निकाल जाहीर केला की मतामागचा मनातला हेतू इतिवृत्तात उरत नाही. म्हणून दुसरा ठराव होणारच या भरवशावर पहिल्याला हात वर करणारा सभासद दुसरा नामंजूर झाला की फसतो, कारण पहिला ठराव तसाच बंधनकारक राहतो. यावर उपाय म्हणजे परंतुक, अर्थात मूळ ठराव कोणत्या परिस्थितीत लागू होईल किंवा होणार नाही हे सांगणारे आणि ठरावाबरोबरच मताला टाकले जाणारे वाक्य. ते मूळ प्रस्तावात नसेल तर उपसूचना मांडून घालता येते. मात्र मतदान झाल्यावर ते चिकटवता येत नाही.

कित्येकदा परंतुकाची गरजच पडत नाही, विषयांचा क्रम नीट लावला तरी पुरते. ज्या निर्णयावर दुसरा अवलंबून आहे तो आधी घ्यावा. लोकसभेत अध्यादेश नामंजूर करण्याचा ठराव आणि त्याच अध्यादेशाची जागा घेणारे विधेयक यांवर चर्चा एकत्र होते, पण मतदान आधी ठरावावर होते, कारण ठराव संमत झाला तर विधेयक विचारात घेण्याचा प्रश्नच उरत नाही. लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियम ८० मध्येही अशीच दक्षता आहे: एखादी दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीवाचून समजत नसेल, तर पहिली मांडण्यापूर्वीच पुढच्या दुरुस्तीची सूचना दिलेली असली पाहिजे, म्हणजे सभागृहाला संपूर्ण मालिका एकत्र दिसते. लहान सभेनेही हे घ्यावे. विषयपत्रिकेत वर्गणी आधी आणि लिफ्ट नंतर ठेवावी, आणि दोन्ही मसुदे सभासदांच्या हाती एकदमच द्यावेत.

तरीही क्रमाने सगळे भागत नाही, कारण वर्गणी मंजूर होणे आणि ती जमा होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. येथेच मसुद्याची खरी कसोटी लागते. ‘निधी जमल्यास लिफ्ट बदलावी’ हे वाक्य वरवर पुरेसे वाटते, पण किती निधी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि तो जमला हे कोणी ठरवायचे, यांपैकी कशाचेच उत्तर त्यात नाही. अर्धी वर्गणी आल्यावर ‘निधी जमला’ असे एक गट म्हणेल आणि ‘जमला नाही’ असे दुसरा, आणि दोघांकडेही तोच ठराव असेल. त्यापेक्षा असे लिहावे: ‘लिफ्ट बदलण्यात यावी, परंतु ३१ मार्चपर्यंत विशेष वर्गणीची संपूर्ण रक्कम जमा झाल्याचे खजिनदारांनी लेखी कळवल्याखेरीज कंत्राटदारास कार्यादेश देऊ नये, आणि त्या तारखेपर्यंत तसे न कळवल्यास हा ठराव रद्द समजावा.’ शेवटचा भाग बहुतेक मसुद्यांत राहून जातो. अट पूर्ण झाली नाही तर काय, हे न लिहिलेला ठराव रद्दही होत नाही आणि लागूही होत नाही. तो वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहतो आणि एखाद्या नव्या समितीला अडचणीचा ठरतो.

अट दुसऱ्या संस्थेच्या हाती असली की ही अनिश्चितता आणखी वाढते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६९ प्रमाणे विधान परिषद रद्द करण्याचा ठराव राज्याची विधानसभा विशेष बहुमताने करू शकते, पण परिषद प्रत्यक्षात रद्द होते ती संसदेने कायदा केल्यावरच. आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०२० मध्ये असा ठराव केला, संसदेचा कायदा झाला नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये विधानसभेनेच तो मागे घेतला. मधल्या काळात परिषद अस्तित्वात होतीच. सहकारी संस्थेला याचा धडा अगदी घरचा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १३ प्रमाणे उपविधीतील दुरुस्ती निबंधकांकडे नोंदली जाईपर्यंत वैध ठरत नाही. म्हणून दुरुस्ती संमत झाल्यावर त्याच सभेत तिच्या आधारे दुसरा ठराव घ्यायचा असेल, तर ‘दुरुस्ती नोंदली गेल्याच्या दिनांकापासून’ हे शब्द त्या दुसऱ्या ठरावात असलेच पाहिजेत.

अमेरिकेत हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ साली सभांच्या नियमांची जी पुस्तिका छापली, तिच्या परंपरेतली एक कसोटी येथे उपयोगी पडते: उरलेले भाग नामंजूर झाले तरी प्रत्येक भाग स्वतंत्र प्रस्ताव म्हणून उभा राहू शकत असेल, तरच प्रस्तावाचे तुकडे करून निरनिराळे मतदान घ्यावे. वर्गणी लिफ्टवाचून निरर्थक असेल तर दोन्ही एकाच प्रस्तावात गुंफणे योग्य. पण त्या प्रस्तावात वाहनतळाच्या रंगकामासारखा असंबद्ध विषय कोणी घुसवू लागला, तर चिरंजीवांनी तो वेगळा काढण्याची विनंती अध्यक्षांना अवश्य करावी, कारण रंगकाम नको असलेल्या सभासदाला लिफ्टसाठी त्यालाही होकार द्यावा लागणे हा त्याच्या मतावर अन्याय आहे. कधीही पूर्ण न होणारी अट घालून नकार झाकण्याची चालही अशीच अनुचित आहे. ज्याला लिफ्ट नको त्याने उघडपणे विरोधात मत द्यावे.

मतदानापूर्वी अध्यक्षांनी प्रस्ताव परंतुकासह एकदा पूर्ण वाचावा आणि इतिवृत्तात तेच शब्द जसेच्या तसे उतरावेत, याची काळजी सचिवाने घ्यावी. मसुदा तयार झाल्यावर सभेच्या सूचनेआधी इकडे पाठवावा. तो काळजीपूर्वक पाहून परत केला जाईल.