शेतराखणीचा कुत्रा : संगोपन, शिक्षण व मालकाची जबाबदारी

शेतावरील वस्ती आणि कुत्रा यांची सोबत महाराष्ट्रात फार जुनी आहे. उभ्या पिकाची, खळ्यावरील धान्याची, गोठ्यातील जनावरांची आणि वाघरीतील मेंढरांची रात्रीची राखण बहुतेक ठिकाणी कुत्राच करतो. या चाकरीबद्दल त्याला मिळते ती शिळी भाकरी आणि ओसरीचा एक कोपरा. शेतकऱ्याच्या घरी बैलाची, गाईची, किंबहुना कोंबडीचीही जेवढी विचारपूस होते तेवढी कुत्र्याची होत नाही. राखण करतो तोवर तो घरचा असतो. कोणास चावला म्हणजे मात्र तो कोणाचाच राहत नाही. "आम्ही नुसती भाकरी घालतो, कुत्रा काही आमचा नव्हे," असे उत्तर अशा वेळी हमखास ऐकू येते.

हे उत्तर गावाच्या आरोग्यास घातक आहे, आणि राखणीस ठेवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ते कायद्यापुढेही टिकणारे नाही. कुत्रा पाळणे म्हणजे त्याची निगा, त्याचे शिक्षण आणि त्याच्यापासून इतरांस होणारा उपद्रव या तिन्ही गोष्टींची जबाबदारी पत्करणे होय. ही जबाबदारी पार पाडण्यास खर्च थोडा व लक्ष अधिक लागते.

कुत्र्याची निवड

कोणत्या कामासाठी कुत्रा हवा, हे आधी ठरवावे. दख्खनच्या पठारावर प्रसिद्ध असलेला कारवान आणि त्याच्याच जातकुळीतला, कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्याच्या मुधोळ गावावरून ओळखला जाणारा मुधोळ, हे दोन्ही कुत्रे नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारे आहेत. त्यांना धावण्यास मोकळे रान लागते. लहान अंगणात साखळीने बांधून ठेवण्यास ते योग्य नव्हेत. आखूड केसांचा, मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा आपल्या हवेस सरावलेला असतो, थोडक्या आहारावर टिकतो आणि परक्या माणसाची चाहूल लवकर घेतो. वस्तीच्या राखणीस तोच बहुधा सोयीचा पडतो. थंड मुलखातील दाट केसांचे कुत्रे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हाल सोसतात. नुसत्या हौसेसाठी ते आणू नयेत.

पिल्लू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. त्याआधी पिल्लाची विक्री करण्यास २०१७ च्या कुत्रा पैदास व विक्री नियमांनीही मनाई केली आहे. आई व भावंडांच्या संगतीत पिल्लू चाव्याचा जोर आवरण्यास शिकते. हे शिक्षण माणसास नंतर देता येत नाही.

आहार व निगा

भाकरी, भात, ताक व डाळ यांवर कुत्रा जगतो; पण तो मुळात मांसाहारी असल्यामुळे अंडी, शिजवलेले मांस वा मासळी यांपैकी काहीतरी त्याच्या पोटात जावे. उरलेली आमटी-भाजी घालताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींस अपाय करतात, आणि द्राक्षे व बेदाणे यांनी त्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. कांद्याच्या चाळी आणि द्राक्षबागा असलेल्या भागात हे विशेष सांभाळावे. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांच्या चिरफळ्या घशात वा आतड्यात रुततात, म्हणून त्या घालू नयेत. स्वच्छ पाणी सदैव जवळ असावे.

बकरे किंवा मेंढी कापल्यावर आतडी, यकृत व फुप्फुसे कच्ची कुत्र्यापुढे टाकण्याची रीत सोडून द्यावी. त्या अवयवांत जंतांच्या पुटी असल्यास कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे चारा, पाणी व अंगणातील माती यांत मिसळतात. ती माणसाच्या पोटात गेली म्हणजे यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्या एका जातीच्या पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत पुटी होऊन ती एकाच दिशेस गरगर फिरू लागते. म्हणून मेंढरांबरोबर राहणाऱ्या कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी जंतनाशक द्यावे. अंगावरील गोचीड नियमाने काढावेत, कारण त्यांच्यामुळे कुत्र्यास ताप येऊन तो खंगतो.

शिक्षण

उपाशी ठेवल्याने, मारल्याने किंवा दिवसभर बांधून ठेवल्याने कुत्रा कडक होतो व राखण चांगली करतो, अशी समजूत आहे. ती खोटी आहे. असा कुत्रा भित्रा होतो, आणि भित्रा कुत्रा चोर व पाहुणा यांत भेद न करता ज्याची भीती वाटेल त्यास चावतो. चांगला राखणदार तोच, जो भुंकून सूचना देतो आणि मालकाच्या एका शब्दासरशी थांबतो.

हे शिक्षण लवकर सुरू करावे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे पाहते-ऐकते ते त्यास आयुष्यभर परिचयाचे वाटते. या काळात त्यास घरातील मुले, दूधवाला, ट्रॅक्टरचा आवाज, बैल, शेळ्या व कोंबड्या यांची हळूहळू ओळख करून द्यावी. मेंढरांची राखण करावयाची असेल तर पिल्लू कोकरांच्या शेजारी वाढवावे, म्हणजे कळप त्यास आपला वाटतो.

शब्द थोडे व ठरलेले असावेत : "ये", "बस", "थांब", "सोड". घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. एकाने "थांब" व दुसऱ्याने "उभा राहा" म्हटल्यास कुत्रा गोंधळतो. शब्द उच्चारावा आणि पिल्लाने तसे करताच त्याच क्षणी भाकरीचा तुकडा व शाबासकी द्यावी. दहा मिनिटे सकाळी व दहा मिनिटे सायंकाळी एवढा पाठ पुरे होतो. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतून असे दिसून आले की, एखादी खूण व अन्न पुनःपुन्हा एकापाठोपाठ आली म्हणजे कुत्र्याच्या मनात त्यांची जोड बसते. शिक्षेचेही तसेच आहे. सकाळी कोंबडी धरली म्हणून दुपारी मारल्यास कुत्र्यास कारण कळत नाही. आणि "ये" म्हणून जवळ बोलावून मारल्यास तो पुन्हा कधी हाकेस ओ देत नाही.

मुलांनाही शिकविले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्यांचा चावा होणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले पाजणाऱ्या कुत्र्याजवळ जाऊ नये, त्याचे शेपूट ओढू नये, अंगावर आल्यास पळू नये तर स्तब्ध उभे राहावे, आणि चावा वा ओरखडा लागल्यास रागावले जाईल या भीतीने तो लपवू नये, या गोष्टी मुलांस घरी व शाळेत सांगाव्यात.

दिवसा बांधावे लागल्यास दोन खांबांमध्ये तार ताणून तीवर सरकणाऱ्या कडीस साखळी जोडावी, म्हणजे कुत्र्यास फिरता येते. जुन्नर, अकोले यांसारख्या बिबट्याचा वावर असलेल्या तालुक्यांत मात्र रात्री कुत्रा उघड्यावर बांधू नये. अकोले परिसरातील बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या भक्ष्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा आढळला. बांधलेला कुत्रा स्वतःचा बचाव करू शकत नाही आणि बिबट्यास घराच्या दाराशी आणतो. अशा ठिकाणी त्यास बंद खोपटात ठेवावे. कळपाबरोबर फिरणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालण्याची पद्धतही उपयोगी आहे.

पिसाळ रोग

कुत्रा पाळणाराची सर्वांत मोठी जबाबदारी पिसाळ रोगाविषयी आहे. यासच अलर्क किंवा रेबीज म्हणतात. रोगाचे विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतात व चाव्यातून किंवा जखमेवर चाटल्याने शरीरात शिरतात. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक ठरतो. पण चाव्यानंतर वेळेवर उपचार केल्यास तो टाळता येतो. माणसास होणाऱ्या या रोगाच्या १०० पैकी ९९ पर्यंत प्रसंगी कारण कुत्राच असतो. म्हणून कुत्र्यास टोचलेली लस ही माणसाचेच रक्षण करते.

पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, पशुवैद्यक सांगेल तेव्हा दुसरी मात्रा आणि त्यानंतर दरवर्षी एकदा लस टोचावी. ही तारीख विसरू नये म्हणून ती पोळ्याच्या आठवड्याशी जोडावी. ज्या दिवसांत बैलांची पूजा होते त्याच दिवसांत कुत्र्याचीही लस उरकावी व नोंदपुस्तिका जपून ठेवावी.

पिसाळलेला कुत्रा पाण्यास भितो, अशी समजूत आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाणी पिताना दिसला म्हणून निर्धास्त राहू नये. स्वभाव एकाएकी बदलणे, आडोशाला लपणे, कारण नसता चावणे, लाकूड-दगड चघळणे, आवाज घोगरा होणे, जबडा लोंबणे, लाळ गळणे व मागचे पाय लुळे पडणे ही त्याची चिन्हे होत. काही कुत्री मुळीच उग्र होत नाहीत, नुसती मलूल पडतात. तीही तितकीच धोक्याची असतात.

चावा झाल्यास काय करावे

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. तीवर चुना, तिखट, हळद वा तेल लावू नये. त्याने विषाणू मरत नाहीत आणि मोलाचा वेळ जातो. नंतर विलंब न लावता सरकारी दवाखाना गाठावा. पूर्वी पोटात टोचावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवून पुष्कळ लोक टाळाटाळ करतात. ती जुनी लस २००५ पासून भारतात वापरात नाही. आता दंडाच्या कातडीत ०, ३, ७ व २८ व्या दिवशी लस टोचतात. रक्त निघाले असल्यास जखमेभोवती रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. वेदना थांबल्या म्हणून मात्रा अर्ध्यावर सोडू नये, कारण रोग बहुधा एक ते तीन महिन्यांनी आणि कधी वर्षानंतरही उद्भवतो.

चावलेल्या कुत्र्यास मारू नये. शक्य असल्यास त्यास दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे, मात्र त्याची वाट पाहत माणसाचे उपचार लांबवू नयेत.

गाई-म्हशीस कुत्रा चावल्यासही जखम अशीच धुवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून लसीच्या मात्रा सुरू कराव्यात. पिसाळलेले जनावर घोगऱ्या आवाजात हंबरते, त्याची लाळ गळते, त्यास गिळता येत नाही. घशात काही अडकले असेल असे समजून मालक तोंडात हात घालतो आणि स्वतःवर संकट ओढवून घेतो. अशा वेळी हात न घालता पशुवैद्यकास बोलवावे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. रोगट जनावराचे दूध वापरू नये.

कायदा काय सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ अन्वये कुत्र्यास फार आखूड वा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्यास व्यायाम न देणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, त्यास टाकून देणे आणि कुत्र्यांच्या झुंजी लावणे हे अपराध आहेत. कुत्री साधारणतः वर्षातून दोनदा माजावर येते. नको असलेली पिल्ले पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडणे हा त्यांना टाकून देण्याचाच प्रकार होय. त्याऐवजी कुत्रीची नसबंदी करून घ्यावी. पाळीव कुत्र्याची लस, जंतनिर्मूलन व नसबंदी ही मालकाची जबाबदारी असल्याचे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत म्हटले आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण हे काम त्याच नियमांनी स्थानिक संस्थांकडे सोपविले आहे.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसास इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणारास सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ३२५ प्रमाणे जनावर मारणे, त्यास विष घालणे वा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कारावास आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या कुत्र्याचा उपद्रव होत असल्यास विषप्रयोग न करता ग्रामपंचायतीकडे तक्रार न्यावी. ससा, हरीण, काळवीट यांवर कुत्रे सोडणे ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे शिकार ठरते. नगरपालिका वा महानगरपालिकेच्या हद्दीत जेथे कुत्र्याच्या नोंदणीचा नियम असेल तेथे परवाना घ्यावा.

गावाने एकत्र येऊन करावयाचे काम

एकट्याने आपल्या कुत्र्यास लस टोचून गावातील रोग हटत नाही. गावातील सर्व कुत्र्यांपैकी निदान ७० टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, तर रोगाचा फैलाव थांबतो. शेजारच्या गोव्यात मोठ्या प्रमाणावर असे लसीकरण करण्यात आले आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा हा रोग नाहीसा करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्टही त्याच वर्षी ठरविण्यात आले आहे.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन पोळ्यापासून फार दूर नसतो. ग्रामपंचायत, पशुवैद्यकीय दवाखाना व शाळा यांनी मिळून त्या सुमारास एक दिवस ठरवावा, वस्तीवस्तीवरील कुत्र्यांची यादी करावी आणि प्रत्येक कुत्र्यापुढे मालकाचे नाव लिहावे. ज्या घरची भाकरी खाऊन कुत्रा राखण करतो, त्या घराने यादीत आपले नाव घालण्यास मागेपुढे पाहू नये.