पहाटेचा अलार्म आणि रात्रीचा ओटा



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७

दोन श्लोकांचा अर्थ आधी थोडक्यात सांगतो. भगवंत म्हणतात, जो खूप खातो त्याला योग साधत नाही आणि जो काहीच खात नाही त्यालाही नाही. खूप झोपणाऱ्याला साधत नाही, तसाच अति जागणाऱ्यालाही साधत नाही. ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं मोजकं आहे, त्याचा योग त्याचं दुःख दूर करतो.

हे श्लोक मी कितीतरी वेळा वाचले होते. 'अति जागणारा' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रात्री दोनपर्यंत वेबसिरीज बघणारा मित्र यायचा. तो माणूस माझ्याच घरात आहे आणि त्याला जागं ठेवणारा मी आहे, हे कळायला एक भांडण व्हावं लागलं.

झालं असं. गेल्या वर्षी ज्येष्ठात आळंदी ते पुणे एक दिवस वारीत चाललो आणि घरी येऊन ठरवलं, आता रोज साडेचारला उठायचं. आंघोळ, देवपूजा, ज्ञानेश्वरीच्या अकरा ओव्या आणि गीतेचा एक श्लोक. माझं काम घरूनच, दहाला सुरू होतं. बायकोची कंपनीची बस सकाळी सव्वाआठला कोपऱ्यावर येते. मला वाटायचं, दोघांनी मिळून केलं तर किती छान! म्हणून अलार्म वाजला की मी तिलाही हलवायचो. "अगं ऊठ ना, ब्रह्ममुहूर्त आहे." ती कूस बदलायची. मग मी जरा मोठ्यानेच घंटा वाजवायचो. (हो, मुद्दाम. आता लिहितानाही लाज वाटते.) मनात यायचं, हिला काही भक्तीची ओढच नाही.

तीनेक आठवडे असं चाललं. एका पहाटे ती उठून बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "तू साडेदहाला झोपतोस म्हणून साडेचारला उठतोस. मी बाराला पाठ टेकते. मधल्या दीड तासात काय होतं, ते एकदा बघशील का?"

त्या रात्री मी जागा राहिलो आणि बघितलं. जेवणाची भांडी, ओटा, मटकी भिजत घालणं, दुधाला विरजण, उद्याच्या भाजीसाठी गवार मोडणं, ओला-सुका कचरा वेगळा करून दाराबाहेर ठेवणं. मधेच तिच्या आईचा फोन. आणि सगळ्यात शेवटी, पावणेबाराला, ती माझं ताम्हन आणि निरांजन चिंचेने घासत होती. रोज पहाटे ते लखलखीत मिळायचं. ते कोण घासतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मनातल्या मनात हिशेब केला. बारा ते साडेचार, म्हणजे साडेचार तास झोप. त्यावर नऊ तास ऑफिस आणि बसचा प्रवास. माझ्या साधनेसाठी मी दुसऱ्या माणसाला 'अति जागणारा' करून ठेवलं होतं.

मग पुन्हा श्लोक काढला. सतराव्या श्लोकात झोप आणि जाग यांचा एकच समास आहे आणि त्यात झोप आधी येते, जाग नंतर. छंदासाठी असेल, मला माहीत नाही, पण त्या दिवशी ते बरोबर टोचलं. आपण तरुण साधक जागं होण्याचेच व्हिडिओ बघतो, झोपायचं कसं ते कोणी बघत नाही. आणखी एक गंमत. गीतेत अर्जुनाला 'गुडाकेश' असंही म्हटलंय, म्हणजे निद्रेवर विजय मिळवलेला. अशा माणसालाही श्रीकृष्ण सांगतात, अति जागू नकोस. माउलींनी तर इथे फार गोड अर्थ केलाय. खाणं मापात, बोलणं मापात, चालणंही मापात, आणि झोपेचाही तिच्या वेळी मान राखावा. झोपेचा मान! मी तर तीन आठवडे झोपेला शत्रू समजत होतो, तीही दुसऱ्याच्या.

आता ब्रह्ममुहूर्ताबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांचा गोंधळ असतो आणि माझाही होता. एक मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं. ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाच्या दोन मुहूर्त म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. म्हणजे तो घड्याळाच्या चार किंवा साडेचारला बांधलेला नाही. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा तो साधारण चार-वीसला सुरू होतो. जानेवारीत सूर्योदय सात वाजून गेल्यावर, म्हणजे साडेपाचला उठलात तरी तुम्ही वेळेत आहात. आणि वाग्भटांनी अष्टांगहृदयात या वेळी उठायला सांगितलंय ते स्वस्थ माणसाला. आजारी, बाळंतीण, रात्रपाळी करून आलेला, झोप न झालेला, यांनी उगाच अपराधी वाटून घेऊ नये. इतरांनी त्यांना तसं वाटायला लावू नये, हे जास्त महत्त्वाचं.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. आदर्श वगैरे नाही, फक्त जमतंय. पहाटेची तयारी रात्री नऊला सुरू होते. ओटा, भांडी आणि देवाची उपकरणं माझ्याकडे, डब्याची तयारी तिच्याकडे, कचरा ज्याच्या हाताला लागेल त्याच्याकडे. दोघांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला. हे सगळ्यात अवघड गेलं, मला जास्त. अलार्मसाठी साडेतीनशे रुपयांचं साधं घड्याळ आणलं, ते माझ्या उशाशी असतं. साडेदहाला दिवे बंद. साडेपाचला मी उठतो आणि तिला हलवत नाही. हा एकच नियम लिहून फ्रिजवर लावलाय : दुसऱ्याला उठवायचं नाही.

गंमत म्हणजे झोप पुरी व्हायला लागल्यावर ती आपणहून उठायला लागली. रोज नाही. महिनाअखेरीला तिच्याकडे क्लोजिंग असतं, त्या आठवड्यात ती सातलाच उठते आणि चहा मी ठेवतो. पण उठते तेव्हा ती माझ्यासारखी पोथी घेऊन बसत नाही. तुळशीला पाणी घालते, चहाचा कप घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर टेकते आणि मी ओव्या वाचतो त्या ऐकते. सुरुवातीला मला वाटायचं, चहा पीत काय ऐकायचं! एकदा बोलूनही गेलो. तिने फक्त बघितलं. पुन्हा बोललो नाही.

तेव्हा पुंडलिक आठवतो. देव दारात आला आणि हा आईवडिलांची सेवा करत होता. उठला नाही, वीट सरकवली आणि देवाला थांबायला सांगितलं. देवही थांबला, रागावला नाही. ज्या विठ्ठलासाठी मी पहाटे घंटा बडवत होतो, तो मुळात घरातल्या माणसाची सेवा संपेपर्यंत वाट बघत उभा राहिलेला देव आहे. पंढरपूरला इतक्या वेळा जाऊनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

भांडणं संपली का? नाही. गेल्या गुरुवारी मॅच बघत बसलो, ओटा तसाच राहिला, सकाळी दोघंही चिडलेले. त्या दिवशी एकही ओवी झाली नाही.

तुमच्यापैकी कोणी नवराबायको मिळून सुरुवात करणार असाल तर पहिला आठवडा उठण्याची वेळ ठरवूच नका. फक्त रात्री दोघांची पाठ एकाच वेळी टेकते का, ते बघा. टेकत नसेल तर मधल्या वेळात कोण काय करतंय, ते कागदावर लिहा. आमचा तो कागद अजून ज्ञानेश्वरीत खूण म्हणून आहे.

आज सकाळी ती लवकर उठली होती. हाच श्लोक वाचला तर म्हणाली, "यात आहार सगळ्यात आधी आहे. म्हणजे डबा पण योगातच येतो की रे." मी म्हटलं, येतो.

उद्या १८ वा श्लोक घेऊ. आता नऊ वाजत आलेत, भांडी वाट बघतायत आणि आज मटकीही मीच भिजत घालणार आहे.

राम कृष्ण हरी!